दुहेरीची पदकं, एकेरीचा प्रश्न

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं आणि तिथेच २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉशला प्रवेश मिळाला. बातम्यांमध्ये क्रिकेटच गाजलं. पण स्क्वॉशच्या खेळाडूंनी कितीतरी वर्षं ज्याची वाट पाहिली, तो निर्णय हाच होता. आता विचारायला हवं: आपण तयार आहोत का?

पदकांचा तक्ता पाहिला तर उत्तर होकारार्थी वाटेल. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत जोश्ना चिनप्पा आणि दीपिका पल्लीकल यांनी महिला दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत पुरुष संघ अव्वल ठरला. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पाकिस्तानविरुद्धच्या सांघिक अंतिम लढतीत १-१ अशी बरोबरी असताना अभय सिंगनं नूर झमानविरुद्ध दोन मॅच पॉइंट वाचवून सामना खेचून आणला. अलीकडच्या भारतीय स्क्वॉशमधला तो सर्वांत देखणा क्षण, असं माझं ठाम मत आहे. डिसेंबर २०२५ मध्ये चेन्नईत विश्वचषकही आपल्याकडे आला. मात्र इजिप्तनं आपले अव्वल खेळाडू तिथे धाडले नव्हते, हेही नोंदवायला हवं.

ही सगळी पदकं सांघिक किंवा दुहेरीची आहेत, आणि लॉस एंजेलिसमध्ये फक्त एकेरी खेळली जाणार आहे. आशियाई स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण भारताला अजून मिळालेलं नाही. डावखुरा सौरव घोषाल इंचॉनच्या अंतिम सामन्यात दोन गेमनी आघाडीवर होता, तरी कुवेतच्या अब्दुल्ला अल मुझायनकडून हरला. हांगझोऊलाही त्याला रौप्यच मिळालं. सौरव, जोश्ना आणि दीपिका हे तिघेही जागतिक क्रमवारीत दहाव्या स्थानापर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. गुण तिघांकडेही भरपूर होते. सौरवचं पदलालित्य तर जगातल्या कोणत्याही प्रशिक्षकानं मुलांना दाखवावं असं. उणीव होती ती रोज समोर उभ्या राहणाऱ्या तोडीच्या प्रतिस्पर्ध्यांची. म्हणून सौरवला इंग्लंडमध्ये, यॉर्कशरच्या पाँटफ्रॅक्टला, प्रशिक्षक माल्कम विलस्ट्रॉप यांच्याकडे जाऊन राहावं लागलं.

याउलट इजिप्तमध्ये, कैरोतला होतकरू मुलगा सकाळी ज्याच्याशी सराव करतो, तो कदाचित जगातला विसावा खेळाडू असतो. तिथलाही खेळ क्लबांचाच आहे, त्यामुळे सगळा दोष क्लबसंस्कृतीच्या माथी मारणं मला पटत नाही. फरक संख्येचा आणि रोजच्या चुरशीचा आहे. आपल्याकडे २००० साली चेन्नईत अकादमी सुरू झाली, तिनं एक पिढी घडवली आणि बाकीचा देश तिच्याकडे बोट दाखवून निवांत बसला.

मुंबईचं मला अधिक वाईट वाटतं. १९४४ ते ४६ या काळात स्क्वॉशपटू हाशिम खान पेशावरहून इथे येऊन अखिल भारतीय स्पर्धा जिंकत होते. क्रिकेट क्लब ऑफ इंडियात खेळ शिकवणारे अब्दुल बारी १९५० मध्ये ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीत पोचले. ज्याला आपण हरवलं होतं तो तिथवर जातो, हे पाहून हाशिम यांनी पुढच्या वर्षी इंग्लंड गाठलं आणि ते अजिंक्यपद पटकावलं. पाकिस्तानच्या स्क्वॉशमधल्या सुवर्णकाळाला अशी मुंबईची पार्श्वभूमी आहे. मुंबईनं पुढे महेश माणगावकरसारखा झुंजार खेळाडू दिला, पण शहराची कोर्टं बहुतांशी सभासदत्वाच्या दारामागेच राहिली. ९.७५ बाय ६.४ मीटरच्या खोलीला मैदान लागत नाही, पावसाळ्यात खेळ थांबत नाही. जागेची टंचाई असलेल्या शहराला याहून सोयीचा खेळ कोणता?

आज आशा आहे ती अनाहत सिंगकडून. २००८ साली जन्मलेल्या या मुलीनं २०२५ च्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत कांस्य मिळवलं. फटका क्षणभर रोखून प्रतिस्पर्ध्याला चुकीच्या कोपऱ्यात पाठवण्याची तिची हातोटी शिकवून येणारी नाही. तिला सरावाला परदेशातले चांगले जोडीदार मिळवून देणं हे महासंघाचं तातडीचं काम आहे. तिच्यामागून येणाऱ्या मुलींसाठी मुंबई, पुणे, नागपूरच्या महापालिकांनी नव्या क्रीडासंकुलांत किमान दोन-दोन कोर्टं बांधावीत आणि ती शाळांच्या वेळेनंतर मुलांसाठी खुली ठेवावीत.