स्वयंचलित पट्ट्याचे रसग्रहण

नाटकाचे परीक्षण लिहायचे तर नाटक पाहावे लागते. पुस्तकाचे लिहायचे तर पुस्तक वाचावे लागते, असा निदान समज आहे. पण मोटारीच्या वायरिंगच्या नकाशाचे परीक्षण कुणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक त्यात काय नाही? पात्रे आहेत, प्रवेश आहेत, संघर्ष आहे, आणि सगळे अगदी अर्थपूर्ण आहे, कारण प्रत्येक तार शेवटी ‘अर्थ’लाच जाऊन मिळते. तेव्हा ही कामगिरी मुलुंडला राहणारा, बी. कॉम. झालेला, बँकेतला एक कारकून अंगावर घेत आहे. तज्ज्ञांनी पान उलटावे. घरातला फ्यूज उडाला की जे आधी शेजाऱ्यांकडे दिवे आहेत का ते पाहतात, अशा माझ्यासारख्यांसाठी हा मजकूर आहे.

नकाशा हाती आला तो मामांमुळे. मामा न्यू जर्सीत. १९९२ साली त्यांनी तिथे एक वापरलेली मोटार घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही. मामांपुढे ते काढले की अजूनही ते हातातला चहा खाली ठेवतात. पुढे ती मोटार भंगारात गेली, पण तिचे दुरुस्तीचे जाडजूड पुस्तक मामा बॅगेतून घेऊन आले आणि आमच्या माळ्यावर ठेवून गेले. मराठी माणूस एक वेळ मोटार टाकील, छापील कागद टाकणार नाही.

त्या मोटारीची गंमत अशी की तिच्यात पट्टा आपण लावायचा नसे. तो आपला आपण लागे. आत बसून दार ओढले आणि किल्ली फिरवली, की दाराच्या वरच्या कडेने, पडद्याची कडी दांडीवरून सरकावी तसे पट्ट्याचे टोक ‘घुर्रर्र’ करीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत जाई आणि पट्टा खांद्यावरून छातीवर येऊन बसे. दार उघडले किंवा किल्ली बंद केली, की स्वारी पुन्हा पुढे. मामा म्हणायचे, “अरे, आपल्याकडे साठी झाली की शाल घालतात. तिथे रोज सकाळी ऑफिसला निघताना माझा सत्कार व्हायचा.”

हा सत्कार कंपन्यांनी हौसेने सुरू केलेला नव्हता. तिथली मंडळी पट्टा लावीनात, म्हणून अमेरिकन सरकारने १९८४ साली फर्मान काढले की, बसणाऱ्याने बोटही न हलवता त्याचे रक्षण झाले पाहिजे. मग त्यासाठी हवेची उशी बसवा, नाहीतर आपोआप लागणारा पट्टा बसवा. हे टप्प्याटप्प्याने लागू होत १९८९च्या सप्टेंबरपासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीला लागू झाले. उशी महाग, पट्टा स्वस्त. कंपनी अमेरिकेतली असो की भायखळ्यातली, कोटेशन कुठले पास होणार हे सांगायला बी. कॉम. व्हावे लागत नाही. मोटरवर चालणारा पट्टा टोयोटाच्या क्रेसिडा या गाडीत १९८१ सालीच आला होता. फर्मानानंतर त्याचे पीक आले.

आता नकाशाकडे वळू. पहिल्यांदा तो उघडला तेव्हा बोरिवली लोकलच्या डब्यातल्या सायंकाळच्या हातांसारखा दिसला. कुणाचा हात कुठल्या कडीला आहे ते कळेना. पण मग लक्षात आले की हे तर आपले लेजर! वीज म्हणजे रोकड. बॅटरी म्हणजे तिजोरी, बारा व्होल्टची. फ्यूज म्हणजे कॅशियर. मर्यादेबाहेर रक्कम मागितली की काउंटर बंद. रिले नावाची डबी म्हणजे पासिंग ऑफिसर. त्याची एवढीशी सही, पण तिच्यावर मोठी रक्कम हलते. किल्लीच्या आणि दाराच्या तारा पट्ट्याच्या मोटरला थेट हात लावीत नाहीत. त्या नियंत्रकाकडे फक्त व्हाउचर पाठवतात: ‘दार लागले’, ‘किल्ली फिरली’. दोन्ही व्हाउचरे जुळली की मगच मोटरला रोकड मिळते. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, तसलाच हा प्रकार.

पट्टा एकदा मागे आणि एकदा पुढे कसा जातो, हा प्रश्न मला फार दिवस छळीत होता. उत्तर वाचून वाणिज्य शाखेचा अभिमान वाटला. मोटर एकच, तिच्या तारा दोनच. जमा आणि नावे यांची अदलाबदल केली, की तीच मोटर उलटी फिरते! दांडीच्या दोन्ही टोकांना एकेक छोटा स्विच बसवलेला असतो. पट्ट्याची कडी तिथे पोचून त्याला टेकली, की व्यवहार बंद. हा स्विच बिघडला तर मोटरला आपण पोचलो हे कळत नाही आणि ती सेवानिवृत्त हेडक्लार्कसारखी घरघरत राहते. पट्ट्याचे दुसरे टोक दोन सीटांच्या मध्ये एका रिळात गुंडाळलेले. हळू ओढले तर सुटते, हिसका बसला तर जागच्या जागी अडकते.

एक शंका मलाही आली आणि नकाशा काढणाऱ्यालाही आली होती. अपघातात दारच उघडले तर? दाराची तार कळवणार, ‘साहेब उतरले’. आणि ऐन वेळी पट्टा अदबीने पुढे निघून जाणार! म्हणून काही गाड्यांत धक्क्याने सुटणारा एक स्विच त्याच साखळीत घातलेला असे. तो सुटला की बाकीच्या व्हाउचरांकडे न पाहता पट्टा जागेवरच राहतो. आणि वीजच गेली तर माणूस अडकून पडू नये म्हणून हाताने सोडायचे कुलूपही असे. कारागिरी म्हणून या कलाकृतीला पैकीच्या पैकी गुण.

मग ती पडली कुठे? ती पडली कमरेत. मोटर खांद्यावरचा पट्टा लावी, कमरेचा लावीत नसे. तो आपला आपणच, हाताने लावायचा. आता मला सांगा, मोटरीने घुर्रर्र करून शाल घातल्यावर खाली वाकून धोतराची गाठ कोण तपासतो? अनेकांना वाटे, पट्टा लागला, झाले काम. पण नुसता वरचा पट्टा असला तर धडकेत माणूस खालून सरकतो, आणि जो पट्टा छाती सांभाळायचा तो गळ्याशी येतो. एका सहीचा जॉइंट चेक आम्ही परत करतो. या यंत्राने रस्त्यावर लाखो असे चेक वटवायला सोडले. यंत्राने निम्मे काम केले, आणि उरलेले निम्मे आपले आहे हेच माणूस विसरला. ही या कलाकृतीवरची माझी मुख्य तक्रार. शेवटी १९९१ साली तिथे उश्यांचा कायदा झाला, १९९७च्या सप्टेंबरपासून प्रत्येक नव्या मोटारीत पुढच्या दोघांसाठी उशी आली, आणि सत्काराची प्रथा बंद पडली. उशीबरोबर पट्टा लावायचा असतोच. पण तो आपल्या हाताने.

याच्या आधी तिथे उलटा प्रयोगही झाला होता. १९७४च्या मोटारींत पुढचा पट्टा लावल्याशिवाय इंजिनच सुरू होत नसे. सीटखाली वजनाची खबर देणारा स्विच, पट्ट्याच्या कुलपात दुसरा, आणि दोघांची खातरी पटल्याशिवाय स्टार्टरला वीज नाही. शेजारच्या सीटवर किराण्याची पिशवी ठेवली तरी गाडी अडून बसे. पिशवीला पट्टा लावा! लोक इतके खवळले की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकन संसदेने कायदा करून ती सक्ती बंद पाडली, आणि वर आठवण करून देणारा भोंगा आठ सेकंदांहून जास्त वाजायचा नाही अशी मर्यादा कायद्याने घातली. पहिला मॅनेजर फार कडक, दुसरा फार लाघवी. शाखा दोघांनाही चालवता आली नाही.

आता तुम्ही म्हणाल, न्यू जर्सीच्या भंगारातल्या पट्ट्याचे मुलुंडला काय काम? काम असे, की तिसरा मॅनेजर आपल्याकडे बदलून आला आहे. १ जुलै २०१९पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींत पुढच्या दोघांसाठी भोंगा सक्तीचा झाला. वायरिंग साधेच: सीटमध्ये वजन ओळखणारी गादी, कुलपात स्विच. वजन आहे आणि कुलूप रिकामे, म्हणजे वाजव. घाटकोपरच्या बाजारातून दोन किलो कांदे, कोबी आणि नारळ घेऊन पिशवी शेजारी ठेवावी, तर भोंगा तिलाही माणसात धरतो. बाकी कुणी इतक्या आस्थेने तिची चौकशी केली नसती.

पण आपण मुंबईकर. भोंग्यावर आपण तोड काढली. नुसती लोखंडी जीभ, पट्ट्याशिवायची. ती कुलपात खुपसली की स्विच म्हणतो ‘पट्टा लागला’, भोंगा गप्प, आणि माणूस मोकळा. वर तिच्यावर मोटारीच्या कंपनीचे चिन्ह, म्हणजे खोटेपणालाही घराण्याची प्रतिष्ठा! बँकेच्या भाषेत याला बोगस व्हाउचर म्हणतात. लेजर जुळते, टॅली होते, साहेबांची सही होते. फक्त तिजोरीत पैसे नसतात. बँकेत असले व्हाउचर सापडले तर निलंबन होते. इथे ते घरपोच मिळत होते. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना दटावले, तेव्हा अशा जिभांच्या १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. मला त्या आकड्याचे नवल नाही. नवल याचे, की हजार रुपयांचा दंड चुकवायला आपण कॅमेऱ्याला फसवतो हे समजू शकते. पण या जिभेने पोलिसही फसत नाही. त्याला काचेतून तुमची मोकळी छाती दिसतेच. फसतो तो फक्त भोंगा, म्हणजे गाडीतला एकुलता एक जण, ज्याला तुम्ही जगावे असे वाटत असते.

आणि मागच्या सीटवर तर बहुतेक गाड्यांत भोंगाही नसे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी अहमदाबादहून मुंबईकडे येताना पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. गाडी उत्तमातली उत्तम. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे गेले. त्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२पासून मागच्यांनाही पट्टा सक्तीचा केला. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत त्या आठवड्यात लोक मागच्या सीटची कव्हरे उचकटून कुलपे शोधीत होते. आमच्या सेकंडहँड गाडीत तिथे कुलूप, एक हेअरपिन आणि खारे शेंगदाणे निघाले.

कुलूप सापडले, पण आई सापडेना. म्हणजे पट्ट्याला सापडेना. “मागे कशाला रे? गाडी काय मी चालवतेय?” मी कायदा सांगितला. ती म्हणाली, साडी चुरगळते. मी दंड सांगितला. ती म्हणाली, दंड मी भरीन, माझी पेन्शन आहे. मी पालघरची गोष्ट सांगितली. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, “माझं काय आता? झालं सगळं करून.” या उत्तरावर कुठल्याही सरकारकडे फर्मान नाही.

शेवटी वाचलेले आठवले ते सांगितले. गाडी आदळली की थांबते ती गाडी. मागे मोकळा बसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जातच राहतो, आणि पुढच्या सीटवर, म्हणजे पुढे बसलेल्यावर जाऊन आदळतो. तो मरतोच असे नाही, पण पुढच्याने स्वतःचा पट्टा लावलेला असला तरी त्याला घेऊन जाऊ शकतो.

“म्हणजे मी तुझ्या अंगावर येऊन पडणार?”

“हो.”

“मग हे आधी नाही का सांगायचंस? एवढं वकिलासारखं बोलत बसलास ते!”

मागून ‘टक्’ असा आवाज आला. चेक नाक्यापर्यंत ती दोनदा पट्टा ओढून पाहत होती, घट्ट बसलाय ना म्हणून. या पट्ट्याचे संशोधन व्होल्वो कंपनीच्या नील्स बोलिन यांनी १९५९ साली केले. खांदा आणि कंबर दोन्ही एकाच ओढीत बांधणारा, मोटर नाही, रिले नाही, भोंगा नाही. आणि तो इतर कंपन्यांनाही वापरू दिला. साठाहून अधिक वर्षांत त्याच्यापेक्षा चांगले कुणाला काही सुचलेले नाही. त्याला चालवायला एक हात लागतो, आणि त्या हाताला एक कारण लागते. मामांच्या त्या पुस्तकात चारशेच्या वर पाने आहेत. कारण कुठून जोडायचे ते त्यात दिलेले नाही. ते ज्याने त्याने आपल्या घरात शोधावे.