हळद, सर्टुइन आणि हृदय: साखळीतली सुटलेली कडी

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अशा हळदीच्या जिल्ह्यात उभं राहून हळदीच्या गोळीवर शंका घ्यायची, म्हणजे जरा जपूनच बोलायला हवं. पण बोलणार आहे.

मागच्या व्याख्यानानंतर एका आजोबांनी पिशवीतून कर्क्युमिनच्या गोळ्यांची बाटली काढून दाखवली. म्हणाले, ‘सर, यानं सर्टुइन जागं होतं म्हणे. मग बीपीची गोळी बंद केली तर चालंल का?’ आजचं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

दावा असा: हळदीतल्या कर्क्युमिनमुळे सर्टुइन वाढतं, सर्टुइनमुळे ऑक्सिडेटिव्ह ताण कमी होतो आणि ताण कमी झाला की हृदय वाचतं. ऐकायला सरळ आहे. आता एकेक कडी ओढून बघू.

मधली कडी मजबूत आहे. माणसात सात सर्टुइन आहेत. ही प्रथिनं दुसऱ्या प्रथिनांवर चिकटलेला ॲसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट काढतात आणि त्यासाठी पेशीतलं एनएडी वापरतात. तिसरं सर्टुइन पेशीच्या ऊर्जाघरात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात असतं. ऊर्जा तयार होताना जे घातक ऑक्सिजन-रेणू सुटतात, त्यांना निष्प्रभ करणाऱ्या एन्झाइमला ते कामाला लावतं. पहिलं सर्टुइन रक्तवाहिनीच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार व्हायला मदत करतं, त्यामुळे वाहिनी सैल राहते. इथपर्यंत शास्त्र पक्कं आहे.

पण ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे मात्र खरं नाही. २००७ साली उंदरांच्या हृदयात पहिलं सर्टुइन मुद्दाम वाढवून बघितलं. अडीच ते साडेसात पट वाढवलं तेव्हा हृदयाला संरक्षण मिळालं. साडेबारा पट वाढवलं तर ऑक्सिडेटिव्ह ताण उलट वाढला आणि हृदयाचा स्नायू बिघडला. हा प्रयोग जाहिरातीत कधी दिसतो का? नाही दिसत.

सर्टुइन जागवणाऱ्या औषधाचा प्रयत्नही झालाय. रेस्व्हेरॅट्रॉल या द्राक्षातल्या घटकाचा २००३ पासून मोठा गाजावाजा झाला. २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरला घेतली. २०१० मध्ये फायझरच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की परीक्षेत वापरलेल्या चमकत्या रसायनामुळेच ते परिणाम दिसत असावेत. त्यावर वाद झाला, उत्तरं आली. पण २०१३ मध्ये सर्ट्रिसचं स्वतंत्र कार्यालय बंद झालं आणि हृदयरोगासाठीची गोळी काही बाजारात आली नाही.

‘ताण कमी केला की हृदय वाचतं’ ही कडीही माणसांवर तपासली गेली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या होप चाचणीत साडेनऊ हजारांहून अधिक रुग्ण होते. सुमारे साडेचार वर्षं ई जीवनसत्त्व देऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत.

राहिली पहिली कडी, आपली हळद. पेशींवर आणि प्राण्यांवर कर्क्युमिननं सर्टुइन वाढल्याचे प्रयोग आहेत, ते मी नाकारत नाही. पण पोटातून ते रक्तात फार थोडं जातं, शिवाय प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना फसवण्याचा त्याचा स्वभाव आहे. माणसात हृदयविकाराचा झटका टळल्याचा भक्कम पुरावा नाही. उलट शोषण वाढवलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नका.

माझी तक्रार हळदीवर नाही. उंदरावरचा निष्कर्ष माणसाच्या बाटलीवर छापणाऱ्या लेखनावर आहे. १९९७ साली अमेरिकेतलं हळदीचं पेटंट रद्द झालं, ते सीएसआयआरनं जुने लेखी पुरावे समोर ठेवले म्हणून. दुसऱ्यांकडून पुरावा मागताना आपण काटेकोर होतो ना? मग आपल्या दाव्यालाही तोच काटा लावायला हवा.

तेव्हा आजोबा, भाजीत हळद खुशाल घाला, मोंढ्यात तिला चांगला भाव मिळो. बीपीची गोळी मात्र बंद करू नका. सर्टुइन मोजायचं यंत्र आपल्या घरी नाही, बीपी मोजता येतं. तेच मोजत राहा.

थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.