पडद्यावरची दंडारी

दिवाळीच्या सुमारास आदिलाबादच्या डोंगराळ मुलखात गोंडांची दंडारी निघते. डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला टोप, अंगाला राख, खांद्यावर कातडे, हाती दंड, अशा वेषातील गुसाडी वाद्यांच्या घोषात एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात. आदिलाबाद शहरात जन्म घालविलेल्या आम्हांस ही दंडारी प्रथम निवांतपणे पाहावयास मिळाली ती, सांगावयास संकोच वाटतो, भाच्याच्या भ्रमणध्वनीवर.

आंतरजालावर या विषयाचे लहान लहान अनुबोधपट पुष्कळ आहेत. कोणी पाच मिनिटांचा, कोणी पंधरा. आठ-दहा रात्री आम्ही ते पाहत होतो. बहुतेकांची तऱ्हा एकच. आकाशातून टिपलेले रान, मग मोरपिसांचा झुपका अगदी जवळून, आणि लगेच वर चढविलेले कुठलेतरी तयार संगीत. पेपरे आणि डप्पू वाजताना दिसतात, ऐकू मात्र येत नाहीत! नाचणाऱ्याचे पाऊल एका तालावर आणि आपला कान दुसऱ्याच तालावर, अशी ही विचित्र जुळणी आहे. निवेदक गुसाडीला ‘नर्तक’ म्हणतो, हे तर आम्हांस फारच खटकले. त्या दिवसांत गुसाडी व्रतस्थ असतो. व्रत संपेपर्यंत तो स्नान करीत नाही, त्याच्या ठायी देवाचा वास मानतात आणि त्याच्या दंडाचा स्पर्श व्हावा म्हणून लोक पुढे येतात. आमच्या कोकण-गोमंतकाकडील वाचकांनी आपल्या ग्रामदेवतेच्या देवळातील अवसर आठवावा. ज्याच्या अंगी अवसर आला त्याला आपण नट म्हणू काय?

मार्लवाईचे कै. कनका राजू यांच्यावरील चित्रफिती याला काहीशा अपवाद आहेत. इंदिरा गांधींपुढे दिल्लीस गुसाडी सादर करणाऱ्या या गृहस्थांना 2021 साली पद्मश्री मिळाली. 2024 साली ते निवर्तले. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर स्थिरावतो तेव्हा नाचाहून मनुष्य मोठा वाटू लागतो.

पण आमची झोप उडविली ती निराळ्याच एका पटाने. त्याचे नाव येथे देत नाही. करणारा तरुण आहे आणि त्याचा हेतू निर्मळ आहे. सात-आठ मिनिटांच्या या पटात एक वृद्ध परधान मांडीवर किकरी घेऊन बसला आहे. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. घराण्याच्या देवकथा त्यांच्या मुखी असतात आणि किकरीशिवाय त्या कथांना तोंड फुटत नाही. म्हातारा वाद्याची तार चाचपीत काही बोलतो. पडद्याखाली अक्षरे उमटतात, की तो आपल्या प्राचीन, अगम्य भाषेत पूर्वजांना आवाहन करीत आहे. आम्ही ती फीत मागे नेऊन तीनदा ऐकली. म्हातारा म्हणत होता, “आजाच्या हातची हाय ही, आता तार भेटत नाही.” शुद्ध मराठी! वऱ्हाडी वळणाची, पण आपल्या घरात बोलली जाते तीच. आदिलाबादच्या परधानांची बोली मराठी आहे, ही गोष्ट अभ्यासकांनी केव्हाच नोंदविली आहे. ‘किकरी’ आणि आपली ‘किंगरी’ यांचे नातेही कानाला लपत नाही. बिचाऱ्याची साधी तक्रार त्या अक्षरांनी मंत्र करून टाकली.

याचा दोष एकट्या त्या तरुणावर कसा टाकावा? 1940 साली जोडेघाटच्या रानात कोमरम भीम मारला गेल्यावर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडून गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करविला. पुढे मार्लवाईस शाळा निघाली, गोंडीची पुस्तके देवनागरीत छापली गेली, आणि आपले सेतुमाधवराव पगडी तेथे सरकारी अधिकारी असताना गोंडी शिकले. तिचे व्याकरणही त्यांनी लिहिले. एवढा वारसा घरात असून या भागातील मराठी मनुष्य शेजारच्या दंडारीला गेला नाही. मग परक्याने चुकीची अक्षरे लिहिली तर रागावण्याचा अधिकार आम्हांस कितपत उरतो? आम्ही त्या तरुणास पत्र लिहिले आणि वाक्यांचा अर्थ कळविला. महिन्याभराने पाहिले तो अक्षरे बदललेली होती. तारेची तक्रार आता तारेचीच राहिली आहे, आणि आमच्या मते पट त्यामुळे अधिक हृद्य झाला आहे.

मायकेल यॉर्क या इंग्रज अभ्यासकाने 1982 साली बीबीसीसाठी राजगोंडांवर केलेला चित्रपट या सर्वांहून वरचा आहे, कारण तो करण्यापूर्वी गृहस्थ गोंडांत राहिले होते. लांबी कमी म्हणून खोली कमी, असा मात्र आमचा आग्रह नाही. केसलापूरच्या नागोबावरील एक छोटा पट पाहून तर आम्ही त्याच्या कर्त्यास मनोमन नमस्कार केला. पौष अमावास्येच्या पूजेसाठी मेस्राम घराण्याची मंडळी अनवाणी चालत जाऊन झारीतून गोदावरीचे पाणी आणतात, केसलापूरच्या वडांखाली मुक्काम करतात आणि नव्या सुनांना देवाच्या भेटीस नेतात. या विधीला ते ‘भेटिंग’ म्हणतात. कॅमेरा पांढऱ्या वस्त्रांतील त्या सुनांच्या मागे देवळापर्यंत जातो आणि बाहेरच थांबतो. नंतर बराच वेळ नुसते दार दिसते, आतून वाद्यांचा आवाज येत राहतो. निवेदन नाही, संगीत नाही. गर्भागाराचा उंबरा ओळखणारा मनुष्य यंत्रामागे उभा होता.

येत्या पौषात केसलापूरला जावयाचे आम्ही ठरविले आहे. भाचा बरोबर येणार आहे. त्याने यंत्र घरी ठेवावे असे आम्ही सुचविले. त्याने अद्याप होकार दिलेला नाही.