खेळाडूचा हिशेब ठेवणारे यंत्र : बिंगो पिनबॉलच्या रचनेचा विचार

आमच्या शहापूरच्या आसपास, भंडारा जिल्ह्यातल्या गावागावांत, भाऊबीजेनंतर मंडया भरू लागतात. दंडार, नाटक, पाळणे यांच्या कडेला खिळ्यांची पाटी मांडून बसलेला कुणीतरी असतो. उतरती फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, खाली आकडे घातलेले कप्पे. गोटी सोडायची आणि पाहत राहायचे. ज्या कप्प्याला मोठे बक्षीस, त्याच्या तोंडाशी खिळे दाट. लबाडी आहे, पण उघड्यावर आहे. पोरेसोरेही दोन फेऱ्यांत ती ओळखतात आणि तरी खेळतात.

या पाटीचे एक दूरचे, श्रीमंत आणि फार हुशार भावंड अमेरिकेत शिकागोला जन्मले : बिंगो पिनबॉल. त्याचे नकाशे आणि दुरुस्तीच्या पुस्तिका मी बरेच महिने वाचत आलो आहे. जुन्या यंत्रांचे शौकीन त्याच्याबद्दल हळवे होऊन बोलतात, कायद्याचे अभ्यासक त्याला जुगार म्हणून बाजूला सारतात. रचना म्हणून त्याची समीक्षा मात्र क्वचितच होते. ती करायला हवी, कारण खेळणाऱ्याच्या कौशल्याचे नेमके काय करायचे, याचे इतके स्पष्ट उत्तर दुसऱ्या कुठल्या खेळाने दिल्याचे मला दिसत नाही.

वंशावळ थोडक्यात सांगतो. फ्रान्समधला बॅगाटेल हा मेजावरचा खेळ. त्याला माँटेग्यू रेडग्रेव्ह याने १८७१ मध्ये स्प्रिंगचा दट्ट्या लावून पेटंट घेतले. १९३०च्या दशकात नाणे टाकून खेळायची यंत्रे दुकानादुकानांत पोचली. १९४७ मध्ये गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात फ्लिपर, म्हणजे चेंडू परतवणारे पंखे, आले आणि पिनबॉल आज आपण ओळखतो तसा झाला. बिंगो या वाटेने गेले नाही. १९५१ मध्ये बॅली कंपनीसाठी डॉन हूकर याने 'ब्राइट लाइट्स' रचले, त्यात फ्लिपर नव्हतेच. काचेखाली उतरती पट्टी, पंचवीस भोके, पाच पोलादी चेंडू. चेंडू ज्या भोकात पडेल त्याचा आकडा समोरच्या उभ्या काचेवरील कार्डावर उजळतो. एका रेषेत तीन, चार किंवा पाच दिवे लागले की फुकट डाव मिळतात. दुकानदार त्या डावांचे रोख पैसे देई आणि मोजणी पुसून टाकी. जुगार होता तो इथे.

खेळाडूच्या हातात दोनच गोष्टी : दट्ट्या किती ओढायचा, आणि यंत्राला किती हलवायचे. दुसरी खरी विद्या. चेंडू रबराला किंवा स्प्रिंगला टेकतो त्या क्षणी तळहाताने पेटीला नेमका धक्का दिला, तर तो हव्या भोकाकडे वळतो. धक्का जास्त झाला तर आत टांगलेला ओळंबा कडीला लागतो आणि डाव बाद. गवंड्याच्या ओळंब्यासारखाच साधा, तितकाच कठोर. मला हा भाग निखळ सुंदर वाटतो. शिवाय कार्डावर शेजारी असलेले आकडे पट्टीवर बहुधा शेजारी नसतात; म्हणजे डोळा दोन नकाशे एकाच वेळी वाचत असतो. पुढच्या यंत्रांत कार्डावरचे आकडे फिरवण्याची, सरकवण्याची सोय आली, पण ठरावीक चेंडूपर्यंतच. त्या मर्यादेच्या आत निर्णय घ्यायचा, नाहीतर कार्ड गोठते. बुद्धिबळाच्या घड्याळाइतका ताण त्यात आहे.

पण चेंडू सुटण्याआधीच अर्धा खेळ झालेला असतो. 'ब्राइट लाइट्स'मध्ये सहा कार्डे होती. प्रत्येक नाण्याला एक उघडे. नंतर एकच मोठे कार्ड आले आणि जादा नाणी टाकून बक्षिसाचा दर वाढवायचा, एखादी सवलत मिळवायची, अशी पद्धत रुळली. नाणे टाकले म्हणजे दर वाढेलच असे नाही, कदाचित वाढेल. आत फिरणाऱ्या तबकड्यांच्या संपर्कबिंदूंवर ते ठरते. एका डावात खेळाडू नाण्यांमागून नाणी घालू शकतो, चेंडू अजून जागचा हललेलाही नसतो.

आणि याच तबकड्यांच्या सोबतीला बसवलेले असते रिफ्लेक्स युनिट. पायऱ्यापायऱ्यांनी फिरणारा एक भाग. नाणी पडत गेली की तो एका दिशेला सरकतो आणि यंत्र सढळ होते. खेळाडू जिंकत गेला की उलट दिशेला सरकतो आणि यंत्र हात आखडते. चेंडूला ते स्पर्शही करत नाही. भोके तीच, ओळंबा तोच, तळहाताची विद्या तीच. फक्त त्या विद्येचा भाव उतरतो. जो चांगला खेळला, त्याला पुढच्या वेळी तेवढ्याच नाण्यांत कमी मिळण्याची शक्यता अधिक.

बचावात म्हणता येईल की हरणाऱ्यावर यंत्र दया करते. करते खरे. पण ही दया हरणाऱ्याला खुर्चीवरून उठू देत नाही, हेही पाहावे. मंडईतला पाटीवाला एखाद्या तरबेज पोराला "आता पुरे, जा घरी" म्हणतो. बिंगो यंत्र तसे काही म्हणत नाही. ते दिव्यांनी नटून त्याचे स्वागतच करते आणि पाठीमागच्या दारातून हिशेब चुकता करते. फ्लिपर पिनबॉलमध्ये कौशल्याला जादा वेळ मिळतो. इथे कौशल्य ही दुरुस्त करायची चूक मानली आहे. माझा मुख्य आक्षेप हाच आहे, आणि तो 'नशिबाचा खेळ' या शेऱ्यापेक्षा वेगळा आहे.

कायद्याने मात्र नशीब की कौशल्य, एवढेच विचारले. महाराष्ट्रात आजही लागू असलेला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. १९५७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला प्रकरणांत, शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांच्या निमित्ताने, कौशल्याचा अंश भरीव आहे का ही कसोटी पक्की केली. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कोरपान खटल्यात रोख पैसे देणारी पिनबॉल यंत्रे जुगार यंत्रांच्या करात बसवली : करमणुकीच्या यंत्राला वर्षाला १० डॉलर, जुगाराच्या यंत्राला २५०. बेल्जियमने वेगळी वाट धरली. १९९९ च्या कायद्याने कॅफेत परवान्याखाली अशी दोन यंत्रे ठेवू दिली.

१९९५ च्या एम. जे. शिवानी निकालात, कर्नाटकातील व्हिडिओ गेम पार्लरांच्या संदर्भात, आपले न्यायालय यंत्राच्या पोटापर्यंत पोचले. यंत्रात फेरफार करून कुशल खेळाडूचीही जिंकण्याची संधी जवळजवळ शून्यावर आणता येते, हे त्याने नोंदवले. निरीक्षण अचूक आहे, पण त्यात गृहीत असे की फेरफार नंतर होतो, चालक करतो, चोरून करतो. रिफ्लेक्स युनिट कारखान्यातच बसवलेले असे. पुस्तिकेत त्याचे चित्र असे, भागांच्या यादीत क्रमांक असे, बिघडले तर नवे मागवता येई. फक्त ते पेटीच्या मागच्या बाजूला होते, आणि खेळाडू पुढे उभा असे.