न करण्याची शेती

मासानोबू फुकुओका यांचे ‘वन-स्ट्रॉ रेव्होल्यूशन’ (इंग्रजीत १९७८) गुहागरकरांनी वाचावे, पण डोळे मिटून नव्हे. नांगरट नको, खत नको, बेणणी नको, औषध नको, ही त्यांची चतुःसूत्री मोठी मोहक आहे. परंतु येथल्या पोफळीला उन्हाळ्यात शिंपणे चुकवून कसे चालेल? लेखक प्रामाणिक आहेत. वडिलांच्या संत्र्यांच्या बागेची छाटणी त्यांनी एकाएकी सोडली तेव्हा झाडे मेली, हे ते स्वतःच सांगतात. ‘न करणे’ म्हणजे हयगय नव्हे, हा बोध मला पुस्तकातला सर्वांत मोलाचा वाटतो.

उणीव निराळीच आहे. हापूस एक वर्षाआड धरतो. तो दरसाल यावा म्हणून बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझॉल घालतात. ते पालवी रोखते, मोहोर आणते आणि मातीत दीर्घकाळ रेंगाळते. दोन-तीन वर्षांच्या खंडाने बाग घेणाऱ्याने उद्याच्या झाडाची चिंता का वाहावी? फुकुओका स्वतःच्या जमिनीत राबले. खंडकऱ्याच्या या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते बागमालकांनीच आपल्या करारात लिहिले पाहिजे. दिवाळीनंतर मोहोराची वाट पाहताना एवढा विचार घरोघर व्हावा.