संधिवाताची प्रश्नावली आणि रुग्णाची भाषा

एखाद्या लोकसमूहात ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे रुग्ण किती, हे ठरविण्यासाठी घरोघरी तज्ज्ञ वैद्य पाठविणे शक्य नसते. यास्तव आधी प्रश्नावली आणि मग निवडक व्यक्तींची तपासणी, हा मार्ग रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने १९८१ मध्ये आरंभिलेल्या ‘कॉपकॉर्ड’ योजनेचा पाया हाच होय. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये या योजनेचे काम सुरू झाले. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत या विकाराचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. या मार्गाची उपयुक्तता निर्विवाद आहे. तथापि प्रश्नावलीतील शब्द रुग्णाला नेमके काय विचारतात, याची चिकित्सा वैद्यकाइतकीच भाषाशास्त्राच्याही कक्षेत येते.

प्रथम ‘संधिवात’ हाच शब्द पाहावा. वैद्यकाच्या दृष्टीने गुडघ्याची वयोपरत्वे होणारी झीज आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच सांध्यांच्या अस्तरावर केलेला हल्ला, हे दोन भिन्न विकार होत. आयुर्वेदातही ‘आमवात’ हा स्वतंत्र व्याधी मानून माधवनिदानात त्याचे वेगळे वर्णन आले आहे. बोलीत मात्र ‘वात’ या एका शब्दात हे सारे भेद विरून जातात. ‘तुम्हांला संधिवात आहे काय?’ या प्रश्नास गुडघे झिजलेली वृद्धा निःशंकपणे ‘होय’ म्हणेल. आणि जिची बोटे सुजू लागली आहेत अशी तिशीतील स्त्री, ‘वात म्हातारपणी होतो’ या समजुतीने, ‘नाही’ म्हणेल. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने अधिक आढळतो, हे लक्षात घेता या ‘नाही’चे मोल कळून येते.

दुसरे उदाहरण सकाळच्या ताठरपणाचे. अमेरिकन संघटनेच्या १९८७ च्या सात निकषांत, सांधे सकाळी किमान एक तास ताठर राहणे हा पहिला निकष होता. २०१० च्या सुधारित निकषांतून तो वगळण्यात आला. परंतु प्रश्नावल्यांत त्याचे स्थान टिकून आहे. ‘ताठरपणा’ हा शब्द ग्रंथातला. बोलणारा माणूस ‘सांधे आखडतात’, ‘बोटे वळत नाहीत’, ‘अंग धरते’ असे म्हणतो, आणि यांतील प्रत्येक प्रयोगाची अर्थकक्षा निराळी आहे. ‘अंग धरणे’ हे कष्टाच्या कामानंतरही घडते. ‘बोटे वळत नाहीत’ हे मात्र नेमक्या अवयवाकडे बोट दाखविते. कालमापनाचेही तसेच. पहाटे उठून कामाला लागणारी स्त्री ताठरपणा घड्याळाने मोजत नाही. भाकरी थापण्याच्या वेळेपर्यंत हात मोकळे झाले की नाही, हे ती सांगू शकते.

भाषांतराची कसोटी म्हणून प्रश्नावली पुन्हा मूळ भाषेत उलटवून पाहण्याची पद्धत आहे. ‘ताठरपणा’ या कसोटीस सहज उतरतो, कारण उलट भाषांतर करणाराही सुशिक्षितच असतो. या पद्धतीने दोन कोशांचा मेळ सिद्ध होतो. रुग्णाचे आकलन सिद्ध होत नाही.

शब्दांतील या ढिलाईचा परिणाम गणितात दिसतो. समजा, दहा हजार लोकांत पन्नास रुग्ण आहेत आणि प्रश्नावली शंभरांतील नव्वद रुग्ण व नव्वद निरोगी अचूक ओळखते. तरीही पंचेचाळीस खऱ्या रुग्णांबरोबर नऊशे पंचाण्णव निरोगी व्यक्ती रुग्ण ठरतील. विकार विरळ असला की चांगली प्रश्नावलीही अशी फसते. मग संदिग्ध प्रश्नावलीची गोष्टच नको. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात उत्तरे देणाऱ्या स्त्रिया वैद्यकाशी परिचित होत्या. तरीही ‘मला हा विकार आहे’ एवढ्या उत्तरावर न थांबता दुसरी प्रश्नावली आणि वैद्यकीय नोंदी तपासण्यात आल्या.

क्रियापदाचा काळही दुर्लक्षणीय नाही. ‘सांधे सुजतात काय?’ असे विचारल्यास औषधाने सूज ओसरलेला रुग्ण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि गणनेतून निसटतो. ‘कधी सलग सहा आठवडे सुजले होते काय?’ हा प्रश्न त्याला सामावून घेतो.

यावरून प्रश्नावली त्याज्य ठरत नाही. तिचे काम निदान करणे नव्हे, तपासणीस कोणाला बोलवावे हे सांगणे होय. ते नीट व्हावे यासाठी तिचे शब्द प्रथम रुग्णांच्या बोलण्यातून गोळा करावे, प्रत्येक प्रश्न ऐकणाऱ्यास काय समजला हे त्याच्याच शब्दांत वदवून घ्यावे, आणि मगच छपाई करावी. या विकारात सांध्यांची हानी आरंभीच्या एक-दोन वर्षांतच सुरू होते आणि वेळीच दिलेल्या औषधाने ती बरीच रोखता येते. अशा वेळी चुकीच्या शब्दामुळे मिळालेले एक ‘नाही’ केवळ सारणीतील चूक राहत नाही. त्या स्त्रीच्या हातांची ती कायमची हानी ठरू शकते.