रूपपालट आणि परतीचा नियम

रूप पालटणारा सहकारी ही कथनपरंपरेतील फार जुनी व्यक्तिरेखा आहे. तो नायक नसतो. नायकांच्या बाजूने लढतो. त्याचे सामर्थ्य पुष्कळदा नायकांपेक्षा अधिक असते, परंतु ते केव्हा आणि कशासाठी वापरायचे, याचा निर्णय बहुधा दुसराच कोणी घेतो. संगणकावरील रोल-प्लेइंग गेममध्ये ही व्यक्तिरेखा नव्याने अवतरली आहे, आणि तिच्या युद्धकौशल्यावर प्रभुत्व मिळवणे हा तेथे खेळाडूच्या अभ्यासाचा विषय झाला आहे. हे प्रभुत्व नेमके कशावरचे आणि ते कोणाचे, हा प्रश्न मात्र साहित्यविचाराच्या कक्षेतला आहे. मराठी समीक्षेला तो परका वाटण्याचे कारण नाही. गिरगाव आणि परळ येथील रंगमंचांवर घटोत्कचाच्या रूपाने तो पूर्वीच उभा राहिलेला आहे.

बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) हा खेळ उदाहरणादाखल घेता येईल. १९७४ साली सुरू झालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळाची नियमव्यवस्था त्याच्या मुळाशी आहे. खेळाडूच्या तुकडीत एका वेळी चौघे असतात. उरलेले सोबती तळावर थांबतात आणि गरज पडेल तेव्हा बोलावले जातात. त्यांच्यातील ड्रुइड, म्हणजे वनविद्येचा साधक, पशूंची रूपे धारण करू शकतो. नवखा खेळाडू या रूपांकडे शस्त्रांची यादी म्हणून पाहतो आणि सर्वांत बलाढ्य रूप निवडून मोकळा होतो. जाणत्या खेळाडूचे पाहणे वेगळे असते. प्रत्येक रूप काही देते तसेच काही काढूनही घेते, हे त्याने ओळखलेले असते. अस्वल शत्रूचे घाव स्वतःवर ओढून घेते. कोळी जाळे टाकून वाट अडवतो. मांजर फटीतून पलीकडे जाते, पण लढाईत तिचा फारसा उपयोग नसतो. पशुरूपात असताना नवा मंत्र टाकता येत नाही. माणसांशी संवाद खुंटतो. मात्र आधी टाकलेला आणि एकाग्रतेने तोलून धरलेला मंत्र रूप पालटल्यावरही टिकून राहतो. म्हणून जाणता खेळाडू प्रथम मंत्र टाकतो आणि मग रूप घेतो. येथे कौशल्य रूपात नाही, क्रमात आहे. शब्दांचा क्रम बदलला की वाक्याचा अर्थ बदलतो, तसेच हे आहे. या लढाईला एक प्रकारचा वाक्यविन्यास आहे, असे म्हणता येईल.

रूपांतर म्हणजे भर नव्हे, तर स्वेच्छेने स्वीकारलेला अभाव, ही जाण दशावताराला पूर्वीपासून आहे. परळला सोशल सर्व्हिस लीगने १९२२ साली उभारलेल्या दामोदर नाट्यगृहात आणि लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातल्या चाकरमान्यांनी दशावतारी मंडळांची आख्याने पाहिली. दशावतारात संवादांची लिखित संहिता नसते. कथासूत्र ठरलेले असते; पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीने नट बोलणे आणि लढणे जागच्या जागी रचत जातो. कपटरूपाचा प्रसंग आला की राक्षसाचे काम करणारा नट आत जातो आणि ज्याचे रूप घेतले आहे, त्याचे काम करणारा नट बाहेर येतो. आता या नटाला स्वतःच्याच पात्राचे सोंग करायचे असते. राक्षसाचा जोर आत ठेवून बाहेर सौजन्य दाखवायचे, आणि तो जोर प्रेक्षकांना कळेल, पण रंगमंचावरील इतरांना कळणार नाही, एवढाच झिरपू द्यायचा. वत्सलाहरणाच्या कथेत घटोत्कच वधूचे रूप घेऊन मंडपात बसतो. ही कथा व्यासांच्या महाभारतात नाही, लोकपरंपरेने ती घडवली. तिच्यात घटोत्कचाचा पराक्रम बसून राहण्यात आहे. बळ न वापरणे हेच तेथे युद्धकौशल्य ठरते.

परळात असा लोकपरंपरेतला घटोत्कच भेटतो, तर गिरगावातल्या साहित्य संघाच्या रंगमंचावर ‘संगीत सौभद्रा’तून वेगळा घटोत्कच भेटतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग १८८२ चा. त्यात सुभद्रेला लग्नघरातून उचलून आणणारा राक्षस म्हणजे घटोत्कचच. पण बेत कृष्णाचा असतो. घटोत्कच काम करतो आणि नाटकातून बाजूला होतो. विवाहाचे सुख इतरांच्या वाट्याला येते. संगीत नाटकाच्या प्रसन्न वातावरणात हे खटकत नाही, कारण तेथे कोणाचेच काही हरपत नाही. तरीही नाते स्पष्ट आहे. मायावी सामर्थ्य एकाचे, त्याचे नियोजन दुसऱ्याचे.

या नात्याची किंमत द्रोणपर्वात मोजली जाते. आदिपर्वात घटोत्कचाने आई-वडिलांचा निरोप घेताना, स्मरण करताच हजर होईन, असे वचन दिले होते. तळावर थांबून हाकेची वाट पाहणाऱ्या सोबत्याचे हे मूळ रूप मानता येईल. चौदाव्या दिवसाच्या रात्री कृष्ण त्याला कर्णावर पाठवतो. अंधारात त्याच्या मायेला बहर येतो. शेवटी कौरवसेना वाचवण्यासाठी कर्णाला अर्जुनासाठी राखून ठेवलेली वासवी शक्ती त्याच्यावर सोडावी लागते. मरताना घटोत्कच देह वाढवतो आणि कोसळताना एक अक्षौहिणी सेना चिरडतो. पांडव शोक करतात. कृष्ण आनंदाने नाचतो. हिशेब त्याच्या मनासारखा जुळलेला असतो. यज्ञांचा द्वेष करणाऱ्या या राक्षसाला पुढे आपणच मारले असते, असेही तो म्हणतो. सामर्थ्याचा यापेक्षा अचूक विनियोग महाभारतात क्वचितच सापडेल, आणि यापेक्षा अस्वस्थ करणाराही.

खेळात हाच प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा आढळतो. घुबड आणि अस्वल यांचा संकर असलेला एक प्राणी ड्रुइडच्या प्रगत रूपांत आहे. तो उंचावरून झेप घेऊन शत्रूंवर कोसळतो. मंत्राने त्याचा आकार वाढवला तर आघातही वाढतो. मात्र येथे एक मूलगामी फरक आहे. रूपाचे प्राणबळ आणि धारकाचे प्राणबळ वेगवेगळे मोजले जाते. अस्वल संपले की त्याखालचा माणूस उभा राहतो. रूप म्हणजे कवच. त्यामुळे अस्वलाला पुढे लोटणे हा निर्दयपणा न ठरता शहाणपणा ठरतो. खेळाडू कृष्णाच्या आसनावर बसतो, परंतु युधिष्ठिराचा शोक नियमांतूनच वजा झालेला असतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, खेळ ही कथा नव्हे. नियमांना नैतिक आशय चिकटवणे हा साहित्याभ्यासकांचा हट्ट आहे. एस्पेन आर्सेथ यांच्या ‘सायबरटेक्स्ट’पासून (१९९७) पुढे झालेल्या चर्चेत हा सूर प्रबळ राहिला. खेळाकडे कादंबरीच्या मापाने पाहू नये, हे त्यातले म्हणणे ग्राह्यच आहे. परंतु नियम निराशय असतात, हे त्यातून सिद्ध होत नाही. परतीचा नियम हे एक विधानच आहे: वापरलेला सहकारी परत मिळतो, असे तो सांगतो. शंभर लढायांतून खेळाडूच्या हाताला ही सवय लागते. दशावताराचीही संहिता नसते. त्याचा आशय प्रवेश, ठेका आणि सोंग यांच्या संकेतांतूनच वाचावा लागतो. लिखित शब्दाविना अर्थ वाचण्याची ही रीत मराठी अभ्यासकाच्या हाताशी असताना, खेळाचे नियम अर्थशून्य मानण्याचे कारण उरत नाही.

अर्थात, या नियमामुळे खेळ उणा ठरत नाही. परतीची हमी असल्यामुळेच खेळाडू चुकतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि क्रम शिकतो. महाभारतात ही मोकळीक कोणालाच नाही. पण रूपांचे सर्व डावपेच अवगत झाल्यावर प्रभुत्वाचा प्रश्न सुटला, असे मानणे घाईचे होईल. कृष्णालाही ते डावपेच अवगत होते. रूपपालट करणारा सोबती पुरता उमगला, असे म्हणण्यासाठी वत्सलेच्या वेषात मंडपात स्वस्थ बसलेल्या घटोत्कचाची एकाग्रता कळावी लागते आणि तो कोसळल्यावर पांडवांच्या शिबिरात पडलेली पोकळीही. पहिली गोष्ट खेळ उत्तम शिकवतो. दुसरीसाठी त्याच्या नियमांत अद्याप जागा झालेली नाही.